दोन तिरप्या रेघा

माणसावर संशय घ्यायला मला फारसं कारण लागत नाही. दूधवाला वेळेवर आला तर मी दुधात बोट बुडवून बघतो, आणि उशिरा आला तर वाटेत विहीर लागली होती का ते विचारतो. बायको म्हणते, तुमच्यापुढं देव उभा राहिला तरी तुम्ही आधी त्याचं रेशनकार्ड मागाल. मागेन. गणित शिकवण्यात जन्म गेला, ताळा करून बघितल्याशिवाय मला कुठलंच उत्तर पटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी साळसूद बनायला बघतोय असं कुणाला वाटायला नको.

तर हित्ती मास्तर.

मी बसवकल्याणच्या शाळेत लागलो तेव्हा आमचं राज्य म्हैसूर होतं, कर्नाटक हे नाव पडायचं होतं. शाळेत एका ओळीला मराठीचे वर्ग, समोरच्या ओळीला कन्नडचे. मास्तर दोन्हीकडे इतिहास शिकवायचे. निजामाच्या काळात हैदराबादला उर्दूतून शिकलेले, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. अंगात बारा महिने काळा गळाबंद कोट, आणि चष्मा डोळ्यांवर कमी, कपाळावर जास्त. पहिल्या दिवशी मी त्यांना नाव विचारलं तर त्यांनी बोट स्वतःच्या नाकाकडे वळवलं आणि तसेच उभे राहिले. मी थांबलो. तेही थांबले. मग म्हणाले, "दगडावरचे लेख असेच सुरू होतात बगा. एक माणूस आपल्याच तोंडाकडं बोट दाखवायलाय. म्हंजे, मी. तीन हजार वर्षं झाली, अजून दाखवायलाय."

मी मनात म्हटलं, हा एक तर चक्रम आहे नाहीतर नाव लपवतोय. दुपारी हजेरीपुस्तकात बघून नाव काढलं तेव्हा कुठं मला जेवण गोड लागलं.

दगड कुठले, तर तुर्कस्तानातले. तिथं फार जुन्या काळी हित्ती लोकांचं राज्य होतं. दरबारचे कारकून ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरू दाबून खिळ्यांसारख्या खुणा उठवायचे आणि हित्ती भाषेत लिहायचे. त्याच मुलखात लुवियन नावाची आणखी एक भाषा होती. ती मातीच्या पाट्यांवरही मिळते, आणि दगडांवर निराळ्याच लिपीत कोरलेलीही मिळते, तिच्यात बैलाचं डोकं, हात, पाय, ससा अशी चित्रं असतात. मास्तरांचा जीव या लुवियनवर. मी विचारलं, म्हणजे ती हित्तीतूनच निघाली असेल. ते असे चमकले की मी त्यांच्या घरातल्या कुणाला नाव ठेवलंय. "लेक न्हाई, बहीण," म्हणाले. "दोघी एका आईच्या. एक दरबारात गेली, एक लोकांत राहिली. दरबारातलीला राणी म्हणा खुशाल, पण दुसरीची आई म्हणू नका."

हे "लेक न्हाई, बहीण" मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याला हिशेब नाही. पोरांनी नाव पाडलं हित्ती मास्तर. ते चिडायचे, "हित्ती न्हाई रे, लुवियन. जगानं तीच चूक केली, आता तुमीबी करा." दगडांवरच्या त्या लिपीला त्या वेळी मोठमोठे पंडितसुद्धा हित्तीच म्हणायचे, हे मला फार पुढं कळलं.

हैदराबादला फुटपाथवर त्यांना एक जर्मन पुस्तक मिळालं होतं, आत ती चित्रं. ते वाचायला ते शब्दकोश घेऊन जर्मन शिकले. मग जर्मनीला पत्रं, अंकाऱ्याला पत्रं. आणि कमाल म्हणजे उत्तरं यायची. शिपाई ती निळी पाकिटं दोन बोटांत धरून आणायचा, सगळे शिक्षक मान लांब करून शिक्का बघायचे. पाकिस्तानशी झालेल्या युद्धाचे दिवस नुकते सरलेले, तुर्कस्तान त्यांचा दोस्त, आणि या माणसाला तुर्कस्तानातून पत्र. आता सांगा, संशय मी एकट्यानेच घेतला का?

त्यांचं लिहिणंही सरळ नसायचं. दगडांवर एक ओळ उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे येते, शेतात औत फिरतं तशी. मास्तरांना ती पद्धत इतकी आवडली की किराण्याची यादीही ते तशीच लिहायचे. दुकानदार यादी उलटीसुलटी करून थकायचा. शेतकऱ्यांच्या पोरांना मात्र ते पटकन कळायचं, ती फळ्यावर डोकी इकडून तिकडे फिरवत सरसर वाचायची. मला ती गुप्त लिपीच वाटली. त्या दुकानदारालाही वाटली, हे त्याने मला खासगीत सांगितलं.

ते आणि त्यांची विधवा बहीण दोराच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. मास्तर तिला अक्का म्हणायचे, म्हणून सगळं गाव अक्का म्हणायचं. काळी माती मळून ते पाट्या करायचे, त्यावर खुणा उठवायचे आणि अक्काच्या चुलीच्या बाजूच्या वायलावर भाजायला ठेवायचे. एकदा मी गेलो तर तव्यावर भाकरी आणि शेजारी मातीच्या तीन पाट्या. अक्का म्हणाली, "बसा. ह्या भाजल्यात का बगू द्या, मग च्या ठेवते. भावाचं राज्य आधी, च्या मागून." खालच्या दुकानदाराच्या बायकोने त्यातली एक फुटकी पाटी उकिरड्यावर बघितली आणि आठ दिवस तिचं घर करणीच्या भीतीनं हललेलं होतं. मुख्याध्यापकांच्या बायकोनं जाऊन तिची समजूत काढली. ही बाई कन्नड घरातली, पण अक्काची सख्खी मैत्रीण. उन्हाळ्यात दोघी मिळून शेवया करायच्या.

मास्तर शब्द गोळा करायचे. लुवियन तर इथं मिळणार नाही, मग गल्लीतले. कन्नड घरातला मराठी शब्द, मराठी घरातला तेलुगू शब्द, दखनीतला कुठलाही शब्द. बोलता बोलता समोरच्याच्या तोंडून असा शब्द निघाला की चष्मा कपाळावरून खाली यायचा, खिशातून वही निघायची, आणि शब्दाच्या आधी ते दोन तिरप्या रेघा ओढायचे. मी विचारलं, ह्या कशाच्या. म्हणाले, "हित्ती कारकून लिहायला बसला की मधीच त्याच्या तोंडचा लुवियन शब्द यायचा. मग तो त्याच्या आधी अशा दोन खुणा करायचा. म्हंजे, ह्यो शब्द घरचा हाय, दरबारचा न्हाई. मला त्या कारकुनाची लई माया येते बगा. पुसून टाकला न्हाई त्यानं. खूण केली अन् राहू दिला."

आणि एक नियम होता त्यांचा. शब्द एकदाच मिळाला तर पुढं प्रश्नचिन्ह. "एकदा मिळाला तर संशय धरायचा. ऐकणाऱ्याचं चुकलं असंल, बोलणाऱ्याचं चुकलं असंल. दुसऱ्यांदा मिळाला की मग खरा." हा नियम मला पसंत पडला. संशयाला नियम लावणारा दुसरा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

माझा शब्दही त्यांनी पकडला. अक्का पीठ चाळत होती, मी सहज म्हटलं, "अक्का, जल्लेड फाटली की तुमची." चष्मा खाली आला. "काय म्हनलात?" मी म्हटलं, चाळणी. "न्हाई न्हाई, आधी काय म्हनलात?" जल्लेड. आमचं घर संतपूरचं, पण आजी नारायणखेडकडून आलेली, तेलुगू मुलखातून. तिच्या तोंडी तोच शब्द, मग सगळ्या घराच्या तोंडी. मास्तरांनी लिहिलं: दोन तिरप्या रेघा, जल्लेड, पुढं प्रश्नचिन्ह, खाली 'गणितवाले, आजीकडून'. मग चार महिने ते दिसेल त्याला विचारत हिंडले. एकाही माणसाकडे तो शब्द मिळाला नाही. "गणितवाले," ते मला खिन्नपणे म्हणाले, "तुमची जल्लेड संशयातच राहिली."

त्याच सुमाराला त्यांनी मला लुवियनच्या कामाच्या तीन वह्या दाखवल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि साधं होतं म्हणूनच भयंकर होतं. मातीवरची लुवियन आणि दगडावरची भाषा जुळत नाहीत म्हणून पंडित त्या दोन वेगळ्या मानतात. मास्तर म्हणत होते, भाषा एकच आहे, दगडावरच्या काही खुणा सगळे चुकीच्या वाचतायत. त्या खुणांचा उच्चार बदला, की दगड आणि माती एकच बोलू लागतात. "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जर्मनीच्या प्रोफेसराला लिहून पाठवायचंय. तीस वर्षांचं हे एवढंच काम. पण मला मोजणी जमत न्हाई. किती जागी जुळतंय, किती जागी फसतंय, तेवढं बगून द्या."

मी तीन रविवार बसून मोजलं. खुणा मला कळत नव्हत्या, पण तक्ता तक्ताच असतो. जुनं वाचन कुठं कुठं अडतं, नवं कुठं अडतं, दोन रकाने केले. जुन्याचा रकाना खालपर्यंत भरला. नव्याच्या रकान्यात हाताच्या बोटांवर मोजावं इतकंच होतं. ताळा केला, पुन्हा केला. मास्तर समोर बसून माझ्या पेन्सिलीकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे. मी म्हटलं, सर, गणित तर बरोबर आहे. त्यांनी माझ्यापुढं शेवयांची वाटी सरकवली.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी घरी जाताना मला अभिमान वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना विचार आला, की इतकं मोठं काम दोराच्या दुकानावर बसून कुणी करेल का? मग हा माणूस नक्की करतोय काय?

आणि मग सीमेच्या वादाचा हंगाम आला. कुठलं गाव कुणाचं, कुठल्या गल्लीत कुठली भाषा, घरोघरी मोजणी. मी मराठीच्या बाजूच्या बैठकांना जायचो, आकडे मीच लिहायचो. कन्नडच्या बाजूच्या बैठका दोन गल्ल्या पलीकडे. दिवसा शाळेत आम्ही एकाच घागरीतलं पाणी प्यायचो आणि एकमेकांच्या वह्यांकडे तिरक्या डोळ्यांनी बघायचो. अशात एका दुपारी मास्तर रजेवर होते म्हणून त्यांच्या वर्गाची हजेरी माझ्याकडे आली. उघडून बघतो तर काही नावांच्या आधी दोन तिरप्या रेघा. सगळ्या नावांआधी नाही. निवडून. मी एकेक नाव वाचत गेलो. हा लमाणी तांड्यावरचा, ही तेलुगू घरातली, हा कन्नड वर्गात बसणारा मराठी, हा मराठी वर्गातला कन्नड. एकही खूण चुकीची नव्हती.

बैठकीत आम्ही महिनाभर खपून जे काढू शकलो नव्हतो ते या माणसाने हजेरीपुस्तकात काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "ज्यांच्या घरी दुसरा शब्द हाय ती लेकरं ती. आज्याला विचारून या म्हणून सांगतो. तुमाला सांगितलं न्हाई का त्या कारकुनाचं?" सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं, आणि मला नेमका त्याचाच संशय आला. म्हटलं, इतकी रंगवलेली गोष्ट खरी असूच शकत नाही, कुठंतरी पाणी मुरतंय.

मी बीदरच्या कचेरीला निनावी अर्ज लिहिला. आमच्याकडे याला अर्ज टाकणं म्हणतात आणि फार मोठं पाप कुणी मानत नाही. डाव्या हाताने लिहिला, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. कागद दुसऱ्याच्या वहीतला. रागाच्या भरात लिहिलं, पुन्हा वाचलं नाही. बसने हुमनाबादला गेलो आणि तिथल्या पेटीत टाकला, म्हणजे शिक्का आमच्या गावचा पडायला नको. परत येताना बसमध्ये मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, हेही सांगतो.

महिनाभराने बीदरहून जीप आली. साहेब, दोन शिपाई. मुख्याध्यापकांना त्यांना मास्तरांच्या घरी न्यावं लागलं, पंच म्हणून मला घेतलं. चौकशी येणार हे कानावर आलं म्हणून मी आदल्याच दिवशी माझ्याकडची मोजणीची पानं स्टोव्हवर जाळून टाकली होती. पाट्या, पत्रं, वह्या, सगळं खाटेवर मांडलं गेलं. साहेबांनी एक पाटी उचलून वास घेऊन बघितला. मग म्हणाले, "एकच अर्ज आला असता तर मी फाडून टाकला असता. दोन आले. एक म्हणतो हा कन्नडवाल्यांचा माणूस, दुसरा म्हणतो मराठीवाल्यांचा. दोन्ही बाजू तक्रार करतात म्हणजे माणसात काहीतरी असणारच." दुसरा अर्ज कुणाचा हे मला आजतागायत माहीत नाही. त्या बाजूलाही माझ्यासारखा एक होता एवढं खरं.

साहेबांनी दोन्ही अर्ज मास्तरांपुढं धरले. "अक्षर ओळखता?" मास्तरांनी चष्मा खाली घेतला. पहिला कागद बघितला, परत दिला. दुसरा माझा. तो त्यांनी वाचला, थांबले, पुन्हा वाचला. मी खाटेवरच्या पाट्या मोजू लागलो. "अक्षर न्हाई ओळखत," ते म्हणाले. मग म्हणाले, "साहेब, ह्याची नक्कल करून घेऊ का?" साहेब हसले, घ्या म्हणाले, आता काय फरक पडतो. मास्तरांनी खिशातली वही काढून अख्खा अर्ज उतरवून घेतला. माझाच. दुसऱ्याला हातही लावला नाही.

त्या तीन वह्या बाकी सामानाबरोबर जीपमध्ये गेल्या. हेरगिरीचं काही निघालं नाही, पण बदली निघाली, चिंचोळीला. अक्काने ठरवून टाकलं की हे मुख्याध्यापकांचं काम, साहेबांना घरी तेच घेऊन आले होते. मला म्हणाली, "दुसरं कोन असंल, तुमीच सांगा." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा पीत राहिलो. मुख्याध्यापकांची बायको निरोपाला आली तेव्हा अक्काने दार उघडलं नाही. ती बराच वेळ जिन्यात उभी होती.

बसस्टँडवर निरोप द्यायला मी एकटाच होतो. ते खरंच जातायत ना हे बघायला गेलो होतो म्हटलं तरी चालेल. मास्तरांनी माझा हात धरला. "गणितवाले, वह्या कवा मिळतील देवाला ठाव. पण तुमच्याकडं ती मोजणीची पानं हाईत न्हवं? तेवढी द्या. तेवढ्यावर मी पुन्ना उभं करतो, सुट्टीच्या आत पाठवतो." मी म्हटलं, "नाहीत सर. रद्दीत गेली." ते म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि उलट माझ्याच पाठीवर हात फिरवला. बस गेली. मी घरी येऊन अंघोळ केली, भर दुपारी, आणि का केली ते बायकोला सांगता आलं नाही.

पुढची वर्षं मी त्या नकलेच्या भीतीत काढली. तो माणूस हजारो वर्षांपूर्वीच्या कारकुनांची अक्षरं ओळखणारा. माझं डाव्या हाताचं अक्षर तो आज ना उद्या ओळखणार, जपून ठेवलंय ते त्यासाठीच, योग्य वेळी काढेल. फळ्यावर लिहितानासुद्धा मी अक्षराचं वळण बदलून टाकलं. पोरं म्हणायची, सर, तुमचं अक्षर बिघडायलंय.

मग एक दिवस शाळेच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं जाड पाकीट आलं, जर्मनीचा शिक्का. मी उघडलं. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये हे मलाही कळतं. आत इंग्रजीतला छापील लेख होता. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण तक्ता कळला. तोच तक्ता. जुनं वाचन, नवं वाचन, त्याच खुणा. खाली तिकडच्या विद्वानांची नावं.

चिंचोळीला मी स्वतः गेलो. टपालाने पाठवता आलं असतं. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. ते शाळेच्या ओट्यावर बसून शेंगा खात होते, कोट तोच. लेख हातात दिला. चष्मा खाली आला. एक पान, दुसरं पान, मग तक्ता. बोट एकेका खुणेवरून जाऊ लागलं, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "गणितवाले, बरोबर हाय आपलं. बगा, त्यांनीबी तेच काढलंय. दुसऱ्यांदा मिळालं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते आनंदाचं होतं, मी नीट बघितलं. रडले असते तर मला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्यांनी मला मूठभर शेंगा दिल्या आणि त्या मी सोलत बसलो. सांगायचं होतं ते न सांगताच पाचच्या बसने मी परत आलो.

वह्या पुढं परत मिळाल्या म्हणतात. बरोबरच्या कागदावर म्हैसूर खोडून वर कर्नाटकचा रबरी शिक्का मारलेला होता. मास्तर निवृत्त झाले, अक्काच्या सासरी कमलनगरला जाऊन राहिले, आणि तिथंच गेले. मला उशिरा कळलं. अक्काचा निरोप आला, तुमच्यासाठी एक वही काढून ठेवलीय, येऊन घेऊन जा.

मी आठवडाभर टाळलं. मग गेलो. अक्का वाकली होती, पण चहा तिनेच केला. खिशातली ती जुनी वही माझ्या हातात दिली. "जायच्या आधी म्हनला, ही गणितवाल्याला दे. त्यात काय हाय मला वाचता येत न्हाई, कवा इकडून, कवा तिकडून लिवलंय."

मी ओळ धरून औतासारखा फिरत वाचत गेलो, आणि माझा अर्ज लागला. शब्दान् शब्द. 'परदेशातून पत्रे येतात. सदर इसम आमची लेकरे जल्लेडीत घालून चाळतो आणि कोण कुणाच्या घरचा ते वेगळे काढतो. चौकशी व्हावी.'

डावा हात वापरला, कागद दुसऱ्याचा घेतला, हुमनाबादपर्यंत गेलो. आणि आत आजी बसली होती.

त्या शब्दाच्या आधी दोन तिरप्या रेघा होत्या. समासात लिहिलं होतं: 'गणितवाले. दुसऱ्यांदा मिळाला. या खेपेला लेखी.' मी पानं मागं उलटली. जुन्या नोंदीपुढचं प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. तारीख त्याच दिवसाची, जीप आली त्या दिवसाची. बाकी अर्जाबद्दल एक अक्षर नाही. राग नाही, माफी नाही. मी वही पुढून मागून दोनदा चाळली, कुठंतरी काहीतरी लिहिलं असेल म्हणून. नव्हतं. मला इतकी लाज जन्मात कधी वाटली नव्हती.

अक्का बघत होती. "त्या दिवशी जीप गेल्यावर हासायलता," ती म्हणाली. "म्या म्हनलं डोकं फिरलं ह्याचं. घर उपसून नेलं अन् ह्यो म्हंतो, अक्का, जल्लेड मिळाली. कोनाकडून म्हनलं तर बोलला न्हाई. मरूस्तर बोलला न्हाई." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "जल्लेड तर तुमीच म्हनायचे."

मी म्हटलं, "व्हय अक्का. मीच."

वाटलं आता वही हिसकावून घेईल, घराबाहेर काढेल. मी उठून उभा राहिलो. तिने माझी कपबशी उचलली, मोरीत ठेवली.

"मुख्याध्यापकाची बायको हाय का अजून?"

"आहेत. बसवकल्याणलाच. एकट्याच असतात."

"इतकी वर्षं झाली," अक्का म्हणाली. "तिच्या लेकीच्या लग्नाला गेले न्हाई म्या. तिचा नवरा गेला तवा गेले न्हाई. बाजारात हाक मारली तर तोंड फिरवलं." तिने भिंतीचा आधार घेत चपला पायात सरकवल्या. "बसवकल्याणला जायला भालकीची गाडी कितीला हाय?"

मी म्हटलं, अक्का, तुम्ही कशाला, मी जाऊन सांगतो.

"तुमी कवा सांगितलंय?" ती म्हणाली. "मी संगं येते. जिन्यात मी उभी राहते, दार तुमी वाजवा. सांगायचंबी तुमीच."

गाडीत ती खिडकीशी बसली, वही तिच्या मांडीवर होती.

दार मी वाजवलं.